शेवटचे युनिट

‘वीज वाचवा, पाणी वाचवा’ असे सांगणारे फलक आपण इतकी वर्षे पाहत आलो आहोत की, आता ते दिसेनासे झाले आहेत. पृथ्वी वाचवायला निघालेल्या माणसाला न्हाणीघरातला दिवा मालवायची आठवण राहत नाही. पण बिल हातात पडले की त्याची स्मरणशक्ती एकदम सुधारते. म्हणून आपण पृथ्वीपासून नव्हे, बिलापासून सुरुवात करू. बँकेत आकडे तपासण्यात उभी नोकरी गेली, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

विजेचे बिल नीट वाचणारी माणसे थोडी. बहुतेक जण रक्कम आणि शेवटची तारीख पाहून घडी घालून ठेवतात. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा, ३०१ ते ५०० ला आणखी चढा आणि त्यापुढे सर्वांत महाग. याचा अर्थ साधा आहे. घरात वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत महाग युनिट असते. महिन्याला ३३० युनिट जाळणाऱ्या घराने तीस युनिट वाचवले, तर ते वरच्या टप्प्यातून वजा होतात, खालच्या नव्हे.

हे तीस युनिट कोठून आणायचे? छताकडे पाहा. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचले. वर्षातले नऊ महिने आणि युनिटला दहा रुपये धरले, तरी वर्षाला साडेचौदाशे रुपये होतात. साध्या पंख्यापेक्षा तो दीड हजाराने महाग पडला, तरी वर्षभरात ही जादा रक्कम फिटते. एवढे व्याज देणारी मुदत ठेव मी तरी कोणत्या काउंटरवर पाहिली नाही.

वातानुकूलन यंत्राचेही तसेच. १ जानेवारी २०२० पासून नवी तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ अंशांवर यंत्र लावून वर दुलई पांघरणे ही चैन नव्हे, विसंगती आहे.

पाण्याचा हिशेब जरा आडून येतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी चार-पाच लिटर पाणी घालवतो. ते पाणी गच्चीवरच्या टाकीत पंपाने चढवलेले असते आणि पंपाची वीज सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये दडलेली असते. आरओ यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देते. ते बादलीत धरले तर फरशी पुसायला चालते.

आणि स्वयंपाकघर? कडधान्य रात्री भिजवणे, कुकरमध्ये डब्यावर डबा लावणे, उकळी फुटली की आच मंद करणे, हे सारे आपल्या आया-आज्या करीतच होत्या. त्याला तेव्हा पर्यावरण म्हणत नसत, संसार म्हणत. गंमत अशी की, काटकसर आजही गृहिणीच्याच वाट्याला येते. गॅस मंद कर, असे तिला सांगितले जाते; पंखा कोणता घ्यायचा हे मात्र पुष्कळ घरांत पुरुष ठरवतात. मोठी गळती जिथे आहे तो निर्णय तिच्या हाती नाही. बिल दोघांनी मिळून वाचावे, एवढे तरी व्हावे.

शेवटचा मुद्दा आपल्या औदार्याचा. नवा फ्रीज, नवा पंखा आला की जुना आपण कामवाल्या बाईंना देऊन टाकतो. देताना भाव चांगलाच असतो. पण जुना पंखा बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो. जुन्या फ्रीजची भूक तर त्याहून मोठी. बाईंचे घर १०० युनिटांच्या आत बसत असते. आपली भेट ते घर त्या रेषेपलीकडे ढकलते. आपण दान एकदाच करतो, त्याचे बिल त्यांना दर महिन्याला येते. काटकसर करायलाही आधी थोडे भांडवल लागते, आणि ते ज्यांच्याकडे नाही त्यांनाच आपण आपली उधळी यंत्रे वाटत असतो.

तेव्हा जुना पंखा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे जाऊ द्यावा. नव्या पंख्याने पहिल्या दोन वर्षांत वाचवलेल्या पैशांतून तसाच एक पंखा बाईंच्या घरी बसवून द्यावा. आपल्या मीटरवर वाचलेले युनिट आणि त्यांच्या मीटरवर वाचलेले युनिट यांत पृथ्वीला फरक कळत नाही. बाईंच्या घराला मात्र तो नक्की कळेल.