समुद्राच्या पोटातला एसी

उष्ण कटिबंधातल्या हॉटेलांत विजेचं बिल फुगतं ते एसीमुळे. ताहितीजवळच्या तेतिआरोआ बेटावर 2014 साली सुरू झालेल्या 'द ब्रँडो' रिसॉर्टने त्यावरचा उपाय समुद्राकडूनच घेतला.

प्रवाळबेटाची कड एवढी उभी, की किनाऱ्यापासून जरा पुढे गेलं की समुद्र 900 मीटरहून खोल. तिथलं पाणी बारमाही पाच अंशांच्या आसपास. पाइपने वर आलेलं हे पाणी गोड्या पाण्याला खेटून वाहतं, पण त्यात मिसळत नाही. मध्ये धातूचा पातळ पत्रा असतो. गार झालेलं गोडं पाणी खोल्याखोल्यांतून फिरतं आणि खारं पाणी समुद्रात परत जातं. वीज खर्च होते ती मुख्यतः पंपांवर.

ही कल्पना बेटाचा मालक, 'गॉडफादर'वाला मार्लन ब्रँडो याच्या डोक्यातली. तो 2004 मध्ये गेला. दोन वर्षांनी त्याच द्वीपसमूहातल्या बोरा बोरा बेटावरच्या एका हॉटेलाने ती आधी अमलात आणली.

धावपट्टीच्या कडेला सौर पॅनेल, जनरेटरसाठी खोबरेल तेल, असाही जामानिमा इथे आहे. पाहुणे मात्र येतात विमानाने, बहुतेक दुसऱ्या खंडातून. तो धूर हिशेबात धरला, तर कौतुक जरा बेतानंच करावं लागतं.