पेन ड्राइव्ह ते ईपब : शिरूर-दौंडकडचा मागोवा

मराठी ई-पुस्तकं खुल्या फॉरमॅटमध्ये आणायची म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून मोठ्या कंपन्या फाइलींना घालतात त्या कुलपांशी झुंजायचं, असा बहुतेकांचा समज असतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंड पट्ट्यात गेली वीसेक वर्षं हे काम जवळून पाहिल्यावर मला तसं वाटत नाही. कुलपं फार नंतर आली. आधी नडला तो फॉन्ट.

२००० नंतरच्या दशकात आमच्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत मराठी टाइप व्हायचं ते श्री-लिपी, आकृती नाहीतर सीडॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये. शाळांच्या स्मरणिका, गावाचा इतिहास, भजनांच्या वह्या, निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र, सगळं त्यातच. या फाइली पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरायच्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडल्या की पानभर इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसायची. कारण संगणकाच्या लेखी तिथे ‘क’ नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं होतं, आणि तो फॉन्ट नसेल तर मराठीही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईच्या धंद्यात ती रुजायला पुढची वीस वर्षं सहज गेली.

या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणं हे खरं कष्टाचं काम. ‘दुर्मिळ’ हा एकच शब्द घ्या. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: दु, मग वेलांटी, मग म, त्यावर रफार, शेवटी ळ. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी पाय मोडलेला र, मग म, मग वेलांटी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा इथे हमखास गोंधळ व्हायचा आणि ‘दुमिर्ळ’ बाहेर पडायचं. ‘मार्मिक’चं ‘मामिर्क’, ‘निर्मिती’चं ‘निमिर्ती’. काही वृत्तपत्रांच्या जुन्या ऑनलाइन पानांवर ही भुतं आजही सापडतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक तर कित्येक प्रोग्रॅमना कळतच नसे. डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र व्हायचा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच २००८ मध्ये, त्यामुळे जुन्या मोबाइलवर ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसत. हे सगळं डोळ्यांत तेल घालून, ओळ न् ओळ वाचूनच दुरुस्त होतं. माझ्या मते मराठीचं ई-ग्रंथालय ज्यांनी उभं केलं त्यांत या मुद्रितशोधकांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्यांची नावं कुठेच छापलेली नाहीत.

अक्षरं हाती असण्याचं मोल या भागाने फार आधी ओळखलं होतं. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बायबल साध्या मराठीत, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून आणण्यासाठी रमाबाईंनी आयुष्याची शेवटची दीडेक दशकं वेचली. त्यासाठी त्या मूळ भाषा शिकल्या आणि मिशनमध्येच छापखाना उभारला. तिथल्या मुलींनी खिळे जुळवले, प्रुफं तपासली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून पुरा झाला. दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हाती खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची सगळी साधनं देणारं हे काम मला आजच्या खुल्या फॉरमॅटच्या चळवळीचं पूर्वरूप वाटतं.

दुसरा टप्पा पीडीएफचा. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत वाटली आणि खेड्यापाड्यांत नवा वाचक तयार केला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ही पुस्तकं व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोहोचली. पीडीएफ हाही आता खुलाच फॉरमॅट आहे, २००८ पासून आयएसओचं मानक. अडचण वेगळी होती. दौंड-पुणे शटलच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून ए-फोर आकाराचं पान मोबाइलवर वाचायचं, तर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवावी लागे. चाळिशी लागलेल्या माणसाला ते जमणारं नव्हतं.

ईपबने हा प्रश्न सोडवला. हे मानक २००७ मधलं; २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि २०१७ पासून ते वेब मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे आहे. अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या मापाने आपोआप जुळतात. ईपब फाइलीच्या नावामागचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत साधी वेबपानं, चित्रं आणि पुस्तकाची माहिती देणारी एक फाइल मिळते. त्या वेबपानांत भाषा ‘मराठी’ नोंदवली की चांगला फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतो. आयआयटी मुंबईचा शोभिका हा मोफत, मुक्त परवान्याचा फॉन्ट आत बसवला तर पान देखणं दिसतं.

ईपब तयार करण्याचं मुख्य अवजार कॅलिबर. मुंबईत जन्मलेल्या कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी ते लिहायला घेतलं. आज जगभर ते मोफत वापरलं जातं आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. संग्रह लावणं, फॉरमॅट बदलणं, ईपबच्या आत जाऊन ‘दुमिर्ळ’ एका फटक्यात सगळीकडे दुरुस्त करणं, सगळं त्यात होतं. मोबाइलवर वाचायला कोरीडर, संगणकावर थोरियम.

कुलपांचं प्रकरण आमच्याकडे आलं ते डिसेंबर २०१६ नंतर, किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागल्यावर. सोय मोठी होती, हे मान्यच. पण विकत घेतलेलं पुस्तक दुकानदाराच्या मर्जीवर राहतं, हे जगाला आधीच दिसलं होतं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने घेण्याची सोयही संपली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे, म्हणून कुलूपबंद पुस्तकं मी आहेत तिथेच ठेवली. नवी घेताना मात्र विनाकुलूप विकणारा प्रकाशक शोधतो. नाहीच मिळाला तर कागदी प्रत.

या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ मिळालं ते दृष्टिहीन वाचकांना. जुन्या फॉन्टातली किंवा नुसती स्कॅन केलेली फाइल वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मुकीच असते. युनिकोडमधला ईपब मात्र एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर मराठीत बोलून दाखवतं. अंधांसाठी पुस्तकं सुलभ करणारा मराकेश करार २०१३ चा. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. आणि केडगावात शंभर वर्षांपूर्वीच रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतलं होतं.

राहिलंय ते गावचं साहित्य ईपबमध्ये आणायचं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवायची खुली कार्यशाळा, २००२ मध्ये तिथेच सुरू झाली. ज्या तालुक्यात मुलं वस्तू खोलून, बनवून शिकतात, तिथे स्मरणिका नि आत्मचरित्रं ईपबमध्ये आणायला माणसं मिळणार नाहीत असं नाही. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर छापील मराठी पान बऱ्यापैकी ओळखतं. बाकीचं काम मुद्रितशोधकाचं. लेखक जाऊन साठ वर्षं झाली असतील तर पुस्तक मराठी विकिस्रोतावर चढवता येतं. झाली नसतील तर वारसांची लेखी परवानगी हवी, आणि ती घ्यायला त्यांच्या घरी जावं लागतं. शिरूरच्या एका गुरुजींच्या मुलींनी ती नुकतीच दिली. गुरुजींच्या पुस्तकाची फाइल श्री-लिपीत आहे, आणि रफार तपासायचं काम सुरू आहे.