पाळीची तक्रार आणि लिव्हरची चरबी



उसावर तांबेरा दिसला की आपण चार जणांना विचारतो, पान तोडून गट ऑफिसला दाखवायला नेतो. पण घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या लेकीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही ही गोष्ट माजघराबाहेर पडत नाही. आईला ठाऊक असतं, बापाला कुणी सांगत नाही. सांगितलंच तर पहिला प्रश्न येतो, "मग हिच्या लग्नाचं कसं?" आम्ही आज लिहितो आहोत ते लग्नापलीकडचं आहे.

या विकाराला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. लांबलेली पाळी, हनुवटीवर राठ केस, काही केल्या न जाणारी मुरुमं ही त्याची लक्षणं. साधारण दर दहा बायकांमागे एकीला तो असतो. सोनोग्राफीत ज्या 'गाठी' दिसतात त्या म्हणजे पुरती वाढ न झालेल्या बीजांच्या बारीक पिशव्या. कॅन्सरशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा रिपोर्ट वाचून घाबरू नये. 1935 साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी अशा सात बायकांची हकीकत लिहिली, तेव्हा सगळं लक्ष अंडाशयावर होतं. पुढं कळलं की बऱ्याच जणींच्या बाबतीत इन्सुलिनचाही त्यात मोठा हात असतो.

हे आपल्या भाषेत सांगतो. रान पाणी पिईना म्हणून आपण मोटर जास्त वेळ चालवतो. रान भिजतं, पण जादा पाणी बांध फोडून शेजारच्या पिकात शिरतं. शरीराचं तसंच होतं. स्नायू इन्सुलिनला दाद देईनात, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं, त्यानं पाळी बिघडते. तेच लिव्हरला चरबी साठवायला लावतं. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये लिव्हरवर चरबी असण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. लिव्हर म्हटलं की आपल्याकडं दारूच आठवते. थेंबाला न शिवलेल्या पोरीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' आलं, तर तिच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही.

"आमची तर काडीसारखी आहे, तिला कसली चरबी?" असं कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! आपल्या माणसांची चरबी बाहेरून दिसत नाही. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये, पोटाचा घेरही मोजावा. मुलींचा तो 80 सेंटिमीटरच्या आत असावा.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी ती 35 दिवसांहून लांबत असेल, तर दाखवावं. आणि नुसती पाळी आणणारी गोळी घेऊन परत येऊ नये. ती गोळी वाईट नाही, गर्भाशयाच्या अस्तरासाठी तिची गरजही असते. पण तिनं साखर किंवा लिव्हरचा प्रश्न सुटत नाही. उपाशीपोटी आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी अशी दोनदा साखर तपासावी, सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल. लिव्हरच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारावं. रक्तातलं एसजीपीटी ठीक असलं तरी चरबी असू शकते, आणि थोडी असली तर सोनोग्राफीतही दिसत नाही.

आता साखरेचं. साखर कारखान्याच्याच पत्रकात हे छापायचं म्हणजे जरा अवघडच! पण खरं ते खरं. साखरेत अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज असतं, आणि फ्रुक्टोजचा बराचसा भार लिव्हरवर पडतो. गूळ आणि उसाचा रसही त्याला अपवाद नाहीत. सर्वांत आधी बंद करायची ती कोल्ड्रिंकची बाटली. चहा दिवसात दोनदा, कमी साखरेचा. भाकरी, उसळ, पालेभाजी, अंडी, ताक पोटभर खावं. पोरीला उपाशी ठेवून बारीक करू नका. वजन जास्त असेल तर 70 किलोच्या मुलीचं चार ते सात किलो उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. शेतात राबणारीला आम्ही चालायला काय सांगावं? पण कॉलेजला स्कूटीवर जाणारी आणि परत आल्यावर मोबाईल घेऊन बसणारी आपल्याच घरात आहे. तिनं आठवड्यात अडीच तास तरी झपाझप चालावं.

लग्न ठरलं तर सासरी लपवू नये. गोळ्या-इंजेक्शनांनी अशा बऱ्याच जणींना मूल होतं. दिवस राहिल्यावर मात्र पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना पीसीओएस आहे असं सांगावं आणि जुने कागद सोबत न्यावेत. अशा बाईची साखर गरोदरपणात वाढण्याचा धोका जास्त असतो. त्या वेळी ठीक आली, तरी सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा तपासून घ्यावी.