संगणकीय संहितेचे जतन : प्रत, स्थळ आणि पाठशुद्धी

हस्तलिखितांच्या काळात संहिता टिकली, ती प्रतींच्या संख्येमुळे आणि त्या ठिकठिकाणी विखुरल्यामुळे. म्हाइंभटकृत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्रात गेली व पुढे स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे महानुभाव परंपरा मानते. संगणकातील संहितेला असे स्मरणाचे पाठबळ क्वचितच असते. क्षेत्रकार्यातील मौखिक गीतांची ध्वनिमुद्रिते एकाच हार्ड डिस्कवर असतील, तर ती बिघडताच गायकाच्या पश्चात त्याचा पाठही हरपतो.

प्रती अनेक असून भागत नाही. त्यांचे स्थळही भिन्न असावे लागते. बंगळूरुमधील महादेवपुरा हा माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचा परिसर. सप्टेंबर २०२२ च्या आरंभी अतिवृष्टी झाली, तलाव भरून वाहिले आणि या विभागातील रस्ते, वसाहती व उद्योगसंकुलांची आवारे जलमय झाली. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील डिस्क यांचे भवितव्य एकच असते. म्हणूनच या क्षेत्रातील रूढ संकेत असा : प्रती ३, माध्यमे २ आणि किमान १ प्रत अन्य गावी अथवा दूरस्थ साठवणीत.

यांपैकी एक प्रत संगणकापासून विलग ठेवणेही अगत्याचे आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे विषाणू संगणकास जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही ग्रासू शकतात. आपोआप समक्रमित होणाऱ्या साठवणीतही मूळ फाइल चुकून पुसली गेल्यास तिची प्रत पुसली जाते. तेथे जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात, हे आधी पाहावे.

तिसरा प्रश्न पाठशुद्धीचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. संगणकात हे ताडन गणिताने होते : फाइलवरून काढलेली एक खूणसंख्या जपून ठेवावी, एक अक्षर पालटले तरी ती पालटते. मात्र फाइल अविकृत असूनही वाचता न येणे संभवते. युनिकोडपूर्व खासगी फाँटांत टंकलिखित केलेला मराठी मजकूर तो फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांचा पुंज भासतो. फाँट उपलब्ध आहे तोवरच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, मूळ फाइलही राखावी आणि वर्षातून एकदा तरी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून वाचून पाहावी.