रुपयाचं चिन्ह गेलं कुठं?

समजा, एका सोसायटीचे चिटणीस वर्डमध्ये वार्षिक अहवाल टाइप करताहेत. मथळ्यांच्या पहिल्या तीन पातळ्यांसाठी कंट्रोल-ऑल्ट-१, २ आणि ३ हे शॉर्टकट वर्डमध्ये तयारच असतात. चौथ्या पातळीला तसा शॉर्टकट नाही. चिटणीसांनी हौसेनं कंट्रोल-ऑल्ट-४ तिच्या नावावर करून टाकला. पुढच्या पानावर देखभालखर्च लिहिताना त्यांनी सवयीनं उजवा ऑल्ट धरून ४ दाबला. ₹ उमटायचं राहिलं बाजूला, अख्खा परिच्छेदच मथळा होऊन बसला.

कीबोर्ड बिघडलेला नाही, व्हायरसही शिरलेला नाही. विंडोजच्या ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्डवर उजव्या ऑल्टसोबत ४ दाबलं की ₹ येतं. पण या मांडणीत उजवा ऑल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणं. म्हणजे ‘रुपया लिही’ आणि ‘मथळा कर’ हे दोन हुकूम एकाच दाबावर आले, आणि वर्डनं आपल्या मालकानं नेमून दिलेला हुकूम पाळला. पोलिश लोक आपल्या भाषेतली शेपटीवाली अक्षरं याच उजव्या ऑल्टनं लिहितात. कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या शॉर्टकटसाठी वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सांगितलं होतं, ते यासाठीच. वर्डमध्ये मात्र त्या जोड्या आजही नांदताहेत.

मुळात दाबलेलं बटण थेट वर्डच्या हाती पडत नाही. वाटेत बरेच जण उभे असतात. आधी ऑपरेटिंग सिस्टीम, मग पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम: कुणी स्क्रीनशॉट घेणारा, कुणी ग्राफिक्स सांभाळणारा. असा प्रोग्रॅम एखादी जोडी विंडोजकडे स्वतःच्या नावानं नोंदवू शकतो. आधी येईल त्याची नोंद होते, दुसऱ्याला ती मिळत नाही. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरनं कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण अशी जोडी धरून ठेवली होती. ती चुकून दाबली गेली की स्क्रीन उलटी व्हायची आणि माणूस मान वाकडी करून माउस शोधायचा.

म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न एकच: बटण वाटेत कोण पळवतंय?

उत्तर वर्डमध्येच मिळतं. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन या वाटेनं गेलं की तळाशी ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’साठी ‘कस्टमाइझ’चं बटण दिसतं. उघडणाऱ्या खिडकीत ‘प्रेस न्यू शॉर्टकट की’च्या रकान्यात क्लिक करून संशयित जोडी दाबायची. रकान्यात ती उमटली आणि खाली एखाद्या कमांडचं नाव आलं, तर भांडण वर्डच्या घरातलं आहे. ती कमांड यादीत शोधून ‘रिमूव्ह’ केलं की मिटलं. चिटणीसांचा रुपया असाच परत येतो. पण रकान्यात काहीच उमटलं नाही, तर बटण वर्डपर्यंत पोचलेलंच नाही. मग पडद्याआडचे प्रोग्रॅम एकेक करून बंद करत पाहायचं.

याच खिडकीतला ‘सेव्ह चेंजेस इन’ हा रकाना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तिथं ‘नॉर्मल’ असेल तर बदल त्या संगणकावरच्या सगळ्या फाइलींना लागू होतो, चालू फाइलचं नाव निवडलं तर फक्त तिलाच. एकच शॉर्टकट एका फाइलमध्ये चालतो आणि दुसरीत नाही, या कोड्याचं उत्तर अनेकदा इथं सापडतं.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये हीच सोय टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड इथं आहे. वर्डमधून तिकडे गेलेल्याला मात्र वेगळाच घोळ भेटतो. वर्डमध्ये कंट्रोल-१ नं ओळींमधलं अंतर एकेरी होतं, रायटरमध्ये त्याच बटणांनी पहिल्या पातळीचा मथळा होतो. इथं भांडण दोन प्रोग्रॅममध्ये नसून बोटांच्या सवयीशी आहे.

मराठी आणि इंग्रजी आलटून-पालटून लिहिणाऱ्यांना खरा ताप होतो तो ऑल्ट-शिफ्टचा. वर्डमध्ये या दोहोंसोबत बाण दाबला की परिच्छेद वर-खाली सरकतो, पण नुसतं ऑल्ट-शिफ्ट दाबून सोडलं की विंडोज भाषा बदलतं. बाण दाबायचा राहिला की पुढचं इंग्रजी वाक्य देवनागरीत अगम्य होऊन उमटतं. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडून ही जोडी काढून टाकता येते. भाषा बदलायला विंडोज-स्पेसबार ही जोडी आहेच.

राहिला चिटणीसांचा चौथा मथळा. वर्डमध्ये दोन टप्प्यांचा शॉर्टकटही देता येतो: आधी एखादी रिकामी जोडी दाबायची, ती सोडून मग ४. बोटांना एक काम वाढतं, पण रुपयाला धक्का लागत नाही. ही युक्ती जुनीच आहे. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये मजकुराचा एखादा भाग निवडायचा तर त्याच्या सुरुवातीला कंट्रोल-के दाबून मग बी दाबावं लागायचं.