नऊ गुंठ्यांचा ठिपका

जगातली शहरं किती पसरली, हे दाखवणारा नकाशा ठिपक्यांचा बनलेला असतो. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तुकडा, जवळपास नऊ गुंठे. २००८ पासून हा सगळा चित्रसंग्रह फुकट मिळतो, म्हणून पुण्यात बसून मी शहराच्या कडेच्या वाघोलीचा पस्तीस वर्षांतला बदल पाहू शकते.

पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे बाद होतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचं एक आणि एप्रिलचं एक, अशी दोन निवडायची. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परावर्तित करतं, त्यामुळे पीक लगेच ओळखू येतं. खरी अडचण उन्हाळ्यातल्या नांगरलेल्या रानाची. कोरडी माती आणि काँक्रीट यांची किरणांची खूण इतकी मिळतीजुळती असते, की संगणक आख्खं शिवार बांधकामात जमा करतो. दोन्ही ऋतूंची चित्रं एकावर एक ठेवली की रान सुटं होतं, कारण दिवाळीच्या सुमारास ते हिरवं असतं. खडकाळ माळ मात्र तरीही फसवतो. तिथे मोबाइलवर जीपीएस लावून जावंच लागतं. एकाच ठिपक्यात गोठा, पत्र्याची शेड, विहीर आणि शेवग्याची झाडं सापडतात, आणि वहीत त्या ठिपक्याच्या जमिनीचा प्रकार मात्र एकच लिहायचा असतो.

पुढचा प्रश्न असतो, शहर म्हणायचं कशाला? आपल्या जनगणनेत ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं भरलं की गाव शहरात गणलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत शहरासाठी चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसं आणि एकूण ५०,००० वस्ती लागते. मोजपट्टी बदलली की त्याच भारताचं शहरीकरण वेगळं दिसतं.

शहरांच्या अर्थव्यवस्थेचा अंदाजही उपग्रहाला दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडावरून बांधतात. तिथेही पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर रात्रीचा उजेड टिपणाऱ्या उपग्रहाला तो घटल्यासारखा वाटू शकतो, कारण त्याच्या संवेदकाला निळा प्रकाश दिसत नाही.

म्हणून जागेवर जाऊन नकाशाची पडताळणी करणं हे शेवटी उरकायचं काम नव्हे. पाणी, रस्ते, पूरनियंत्रण यांचे निर्णय अशा नकाशांवरून होतात. आपल्या गावाची नोंद त्यात खरी हवी असेल, तर माळ कोणता आणि पडीक रान कोणतं हे जाणणारी माणसं या कामात हवीत.