एक जनुक, दोन प्रथिने : मुखाच्या कर्करोगातील पेशीमृत्यूचा प्रश्न

चुना मळलेला तंबाखू गालात धरणे आणि मिश्री लावणे या सवयी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहेत. तंबाखूतील द्रव्यांमुळे मुखातील पेशींच्या डीएनएला इजा पोचते. अशा बिघडलेल्या पेशीने आपण होऊन नाश पावावा, अशी शरीराची योजना असते. केर, वायली व करी यांनी १९७२ साली या नियोजित मृत्यूस ‘ॲपोप्टोसिस’ असे नाव दिले. मुखाच्या कर्करोगात ही योजना का फसते, याच्या एका कारणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पेशीमृत्यूचा निर्णय बहुधा मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावर होतो. बॅक्स व बॅक ही प्रथिने तेथे छिद्रे पाडतात, त्यांतून सायटोक्रोम-सी पेशीद्रवात उतरते आणि कॅस्पेज नावाची विकरे जागृत होऊन पेशीचे घटक तोडू लागतात. या घातक प्रथिनांना आवर घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे १९९३ साली वर्णिलेले एमसीएल-१ हे प्रथिन होय.

परंतु एमसीएल-१ एकच नाही. त्याच्या जनुकात तीन एक्झॉन आहेत. ते तिन्ही जोडले गेले म्हणजे ३५० अमिनो आम्लांचे दीर्घ रूप तयार होते व ते पेशीचे रक्षण करते. दुसरा एक्झॉन वगळला गेला तर पुढील संदेशाची वाचनचौकट बदलते आणि २७१ अमिनो आम्लांचे ऱ्हस्व रूप निर्माण होते. त्यात बीएच-१, बीएच-२ हे भाग व पटलात रुतणारे शेपूट राहत नाही. मृत्यूस चालना देणारा बीएच-३ भाग मात्र राहतो. हे ऱ्हस्व रूप दीर्घ रूपाशीच बद्ध होते आणि पेशीला मृत्यूकडे नेते, असे २००० साली दाखविण्यात आले. एकाच जनुकापासून होणाऱ्या अशा भिन्न प्रथिनरूपांना आयसोफॉर्म म्हणतात. बीसीएल-एक्स या जनुकाचीही अशीच परस्परविरोधी दोन रूपे १९९३ पासून ज्ञात आहेत.

नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत डॉ. तनुजा तेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखाच्या कर्करोगात या दोन रूपांचा अभ्यास केला. अर्बुदांत रक्षक दीर्घ रूप वाढलेले असते, असे त्यांच्या २००९ च्या निबंधात आढळते. दीर्घ रूपाच्या आधिक्याचा संबंध रोगाच्या प्रतिकूल गतीशी व औषधांना न जुमानण्याशी आहे, असे त्यांनी २०१४ साली नमूद केले.

यातून संशोधकाने घ्यावयाचा धडा असा की, ‘एमसीएल-१ वाढले’ हे विधान अपुरे आहे. वापरलेले प्रतिपिंड किंवा प्रायमर दोन्ही रूपांना समान लागू पडत असतील, तर रक्षक आणि मारक यांची बेरीज हाती येते व प्रमाण हरवते. त्या बेरजेवरून काढलेला निष्कर्ष खराही ठरेल, विपरीतही ठरेल.

प्रमाणाचे हे महत्त्व केवळ मोजणीपुरते नाही. प्रतिसंदेशी ऑलिगोन्यूक्लिओटाइडने दुसऱ्या एक्झॉनची जोडणी रोखली असता दीर्घ रूपाऐवजी ऱ्हस्व रूप बनते आणि त्वचेच्या एका कर्करोगातील पेशी मरतात, असे २००९ साली संवर्धित पेशींवर दिसून आले. संवर्धातील यश आणि रुग्णावरील उपचार यांत अंतर मोठे आहे. तथापि, पेशीला मारणारे प्रथिन बाहेरून आणावयाचे नसून तिच्याच जनुकात दडलेले आहे, ही गोष्ट आशादायक होय.